धुऱ्यावरची झोप

मला बसून शिकवता येत नाही. वर्गात खुर्ची असायची, पण तिच्यावर माझी छत्री आणि हजेरीपट बसत. मी फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत चालत शिकवायचो. हेडमास्तर म्हणत, या मास्तरच्या वर्गातली जमीन इतर वर्गांच्या दुप्पट वेळा सारवावी लागते. दुसरी सवय याद्यांची. सकाळी चहाआधी दिवसभराच्या कामांची यादी करायची, ती घडी घालून कुडत्याच्या खिशात ठेवायची आणि झालेल्या कामावर रेघ मारायची. दोन्ही सवयी अजून आहेत. घरचे लोक दोन्हींना कंटाळलेले आहेत.

राज्य अजून नागपूरहून चालत होते तेव्हाची ही गोष्ट. मी तिरोड्याच्या बाजूला एका मोठ्या गावात मिडल स्कूलमध्ये होतो. सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. सातवी म्हटले की आज जी कोवळी मुले डोळ्यांपुढे येतात तशी ती नव्हती. उशिरा शाळेत घातलेली, धानाच्या प्रत्येक हंगामाला घरी राहिलेली, दोन-दोनदा नापास झालेली मुले होती ती. काहींना मिसरूड फुटले होते. मुली तीनच होत्या, दाराजवळच्या पट्टीवर बसत.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वरून एक पत्रक आले. वरच्या वर्गांना मादक पदार्थांचे शरीरावर होणारे परिणाम शिकवावेत. सोबत एक पातळ पुस्तिका होती. हेडमास्तरांनी पत्रक वाचले आणि माझ्याकडे सरकवले, कारण जे काम कुणाचेच नसे ते माझ्या यादीत येई. मी पुस्तिका एका बैठकीत, म्हणजे माझ्या बाबतीत एका फेरीत, वाचून काढली आणि शनिवारच्या तासांची वाटणी करून टाकली. पहिल्या शनिवारी बिडी आणि तंबाखू, मग मोहाची दारू, मग गांजा, शेवटी अफू.

बिडीचा धडा सोपा जाईल असे मला वाटले होते. पुस्तिकेत फुप्फुसांचे चित्र होते, ते फळ्यावर काढले. मग मुलांना पोटावर हात ठेवायला लावला. श्वास छातीत जातो पण दिसतो पोटावर, झोपलेल्या माणसाचे तर पोटच बघायचे, हे सांगितले. सगळा वर्ग पोटावर हात ठेवून गंभीर चेहऱ्याने बसला, तेव्हा मागच्या एकाने जेवण झाल्यासारखा ढेकर दिला. हसू ओसरल्यावर त्यानेच विचारले, बिडी एवढी वाईट असेल तर माझी माय दिवसभर ती वळते कायले? आमच्या भागात तेंदूच्या पानांवर किती घरे चालत हे मला माहीत होते. मी सांगितले की ओढणारा धूर घेतो आणि वळणारी तंबाखूची धूळ घेते, छाती दोघांचीही खराब होते. हे पुस्तिकेत नव्हते. सूप मांडीवर घेऊन खोकणारी एक तरी बाई प्रत्येकाच्या ओळखीची असणार.

दारूच्या शनिवारी मुलांचे म्हणणे पडले की चिखलात दिवसभर उभे राहायचे तर अंगात ऊब पाहिजे. मी सांगितले की ऊब वाटते ती कातडीला. आतली ऊब बाहेर निघून जाते, म्हणून पिऊन भिजलेला माणूस जास्त गारठतो. यकृत कुठे असते ते एकाच्या बरगडीखाली बोट लावून दाखवले. त्याला गुदगुल्या झाल्या. गांजाच्या शनिवारी एक जण उठून म्हणाला, "गुरुजी, गांजा तं महादेवाचा परसाद हाय. शिवरात्रीले परतापगडच्या जत्रेत साधूबाबा सगळ्यायले देते."

"महादेवाने विषही पिले होते," मी म्हटले. "तू पिशील?"

यावर त्याच्या मित्रांनी त्याला आठवडाभर नीळकंठ म्हणून हाक मारली. पण वाढत्या वयात गांजाने आठवण राहत नाही, लक्ष लागत नाही, छातीत धडधड होते, कधीकधी माणसाला नसलेले दिसू लागते, हे मी सांगितले तेव्हा मुले ऐकत होती. ज्यांच्या घरी असा काका किंवा मोठा भाऊ होता त्यांच्या माना खाली गेल्या. कोणाच्या माना खाली जातात याकडे मी मुद्दाम बघत नसे. चालत राहण्याचा तो एक फायदा असतो.

अफूला मी अर्धाच तास ठेवला होता. अफू म्हणजे म्हाताऱ्यांचे काम, असा माझा समज होता. तिरोड्याला परवान्याचे दुकान होते, तिथे गुडघेदुखीवाले आणि दमेकरी ओळीने बसलेले दिसत. सरकार माल कमी करत आणत होते आणि म्हातारे कुरकुरत होते. मी झटपट सांगितले. अफूने दुखणे कळत नाही, झोप येते, भूक मरते, पोट साफ होत नाही, शरीर तिला सवकते म्हणून मात्रा वाढवावी लागते, आणि मात्रा जास्त झाली की श्वास मंद होत होत थांबतो. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. मी फळा पुसायला घेतला होता.

दाराजवळच्या तिघींपैकी जी कडेला बसे तिने हात वर केला. चौदा-पंधरा वर्षांची, हाडे दिसणारी, गणितात सगळ्या मुलांच्या पुढे. वर्षभर नियमित आली तर ही फायनल पास होईल आणि पुढे मास्तरीण होईल, अशी मी हेडमास्तरांजवळ पैज लावली होती.

"गुरुजी, लहान लेकराले देल्ली तं?"

मुले हसली. तिच्या शेजारी बसणारी तिची चुलतबहीण म्हणाली की सगळेच देतात, नाही दिली तर रोवणी कोण करील? मग तो अर्धा तास माझ्या हातून गेला आणि मुलांनीच मला शिकवायला सुरुवात केली. अंगावर पिणारे मूल घरी ठेवता येत नाही आणि बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात, माय वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, रोवत असताना ते कडेच्या धुऱ्यावर, बांधावर, रडून चालत नाही. म्हणून त्याला अफूची गोळी द्यायची, म्हणजे ते टोपल्यात संध्याकाळपर्यंत निजते. आधी तिळाएवढी. ती लागेनाशी झाली की मुगाएवढी. मूल चांगले दांडगे असेल तर तुरीएवढी. धान रोवणाऱ्या गावात मापही दाण्यांचेच. मुले हे सांगत होती ते लपवत नव्हती आणि बढाईही मारत नव्हती. बैलाला पेंड किती घालायची हे सांगावे तसे सांगत होती.

मी पुस्तिका उघडली. लहान मुलाला अफू देऊ नये, श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो, एवढी एक ओळ होती. ती मी वाचून दाखवली.

"तिळाएवढी बी नाही?" तिने विचारले.

"तिळाएवढीही नाही."

घंटा झाली. मी यादीतल्या अफूवर रेघ मारली.

पुढच्या आठवड्यात ती शाळेत दिसली नाही. आली ती एका दुपारी, शाळा सुटता सुटता, आणि व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राहिली. डोळे खोल गेलेले. मी सायकल काढत होतो. घरी सहा-सात महिन्यांचा भाऊ आहे हे तिने तेव्हा सांगितले. माय पहाटे मजुरीला जाते, आजीला दिसत नाही, तेव्हा शाळेत येण्याआधी भावाला मुगाएवढी गोळी देणे हे तिचे काम होते. धडा ऐकल्यापासून ती गोळी चुलीत टाकत होती. मायला सांगितले नव्हते. आणि भाऊ रात्रंदिवस रडत होता, शिंकत होता, अंगाला झटके देत होता, पोट वाहत होते, दूध ओकत होता. माय म्हणत होती दृष्ट लागली. मीठमिरच्या ओवाळून झाल्या, गंडा बांधून झाला.

"तुमी म्हनलं द्याची नाही. म्या नाही देल्ली," ती म्हणाली. "मंग थो मरून काऊन राह्यला?"

मी पुस्तिका आठवून पाहिली. अफूने काय होते हे तिच्यात होते. अफू थांबवल्यावर काय होते हे नव्हते. दिवसाच्या यादीत आणखी पाच कामे होती. ती तशीच राहिली आणि मी सायकल तिरोड्याकडे वळवली.

बाजाराचा दिवस होता. दवाखान्यासमोर बैलगाड्या सोडलेल्या. डॉक्टर सरकारी, वयस्कर, कमी बोलणारे. मला रांगेत उभे राहवेना, म्हणून मी रांगेच्या बाजूने येरझारा घालू लागलो, तेव्हा त्यांनी मलाच आधी आत बोलावले आणि बसायला सांगितले. मी उभ्यानेच सांगितले. ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारले की सोडून किती दिवस झाले. मग म्हणाले, सवय झालेल्या मुलाची अफू एकदम तोडायची नसते, मुगावरून तिळावर, तिळावरून अर्ध्या तिळावर अशी उतरवायची असते. पण आता इतके दिवस निघालेच आहेत, तर वाईट ते उलटून गेले असेल. भाताची पातळ पेज मीठ घालून द्या, गुळाचे पाणी चमच्याने द्या, अंगावर पाजत राहा आणि मूल पडून राहू लागले तर इकडे घेऊन या.

मी यादीच्या पाठीमागे लिहून घेतले. निघालो तेव्हा त्यांनी मला दारातून परत बोलावले.

"एक राहिले. आता त्याला जुनी मात्रा कोणी देऊ नये. शरीर विसरलेले असते. कालपर्यंत ज्या मुगाने ते झोपत होते, तोच मूग आता त्याचा श्वास बंद करील. हे आधी सांगा, पेज नंतर."

मी त्याच संध्याकाळी तिच्या घराकडे गेलो. माय अजून आलेली नव्हती. आजी ओट्यावर होती. मी मुलीला सगळे सांगितले, जुन्या मात्रेचे आधी आणि पेज नंतर. मायला सांग, असेही म्हटले. ती मान हलवत होती. मायला सांगितले तर माय आधी मला मारील आणि मग शाळेतून काढील, असे ती म्हणाली. मी म्हटले, मी येऊन बोलतो. ती म्हणाली, नोको. मूल तिच्या कमरेवर होते, सुकलेले, मोठ्या डोळ्यांचे. ते माझ्याकडे बघत होते आणि रडत होते. मला निघायची घाई होती आणि निघवतही नव्हते.

काही दिवसांत ती सांगू लागली की भाऊ आता बरा आहे, पेज पितो. मग रोवणी लागली आणि अर्धा वर्ग रिकामा झाला. ती नव्हती, मुलांपैकीही निम्मे नव्हते. चुलतबहीण मात्र येत होती, कारण विळ्याने तिचा पाय कापला होता आणि चिखलात उतरणे तिला शक्य नव्हते. एका सकाळी मी हजेरी घेत असताना ती आपल्या मैत्रिणीला काही सांगून हसत होती. मी विचारले, काय झाले?

काकूचा पोट्टा सगळ्या बांधीची गंमत झाला आहे, असे तिने सांगितले. बाकीच्यांची लेकरे टोपल्यात गपचूप निजतात आणि हा एकटा धुऱ्यावर बोंबलतो. काकू त्याला गोळी देते, मग दुसरी देते, तरी त्याचे डोळे टक्क उघडे. वर त्याला मुंग्या लागतात. ओळीतल्या बाया रोवत रोवत पुढे जातात आणि काकू मागे राहते, मालक ओरडतो.

"काकू म्हने, आता मूग लागतच नाही त्याले. आज तुरीएवढी बांधून नेली हाय तिनं. बुढीच्या अफूच्या डबीतून."

मी हजेरीपट मिटला. मूग लागत नाही हे मला समजत नव्हते. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे मूग जास्त लागायला हवा होता. पण तूर समजत होती. वर्ग शेजारच्या मास्तरांवर सोपवला आणि हेडमास्तरांना ओसरीतूनच सांगितले की जातो. ते म्हणाले, तपासणी कधीही येईल. मी म्हटले, येऊ द्या.

त्या रोवत होत्या ती बांधी बोदलकशाच्या तलावाच्या पाण्यावरची, गावापासून बऱ्याच लांब. पाटापर्यंत सायकल गेली. पुढे धुरे होते, एका पावलाच्या रुंदीचे, दोन्ही बाजूंना गढूळ पाणी. छत्री काखेत मारून जोडे हातात घेतले. मी भराभर चालणारा माणूस, पण धुऱ्यावर भराभर चालता येत नाही. तिथे पाय ठेवायचा, दाबून बघायचा, मग दुसरा. तीनदा घसरलो. रिमझिम चालू होती आणि लांबवर बायांच्या ओळी वाकलेल्या दिसत होत्या. कोणती ओळ ती कळत नव्हते. मी कान देऊन चाललो होतो. कुठूनही रडणे ऐकू येत नव्हते. चिखलात पडणाऱ्या पावलांचा आवाज आणि बायांचे गाणे, बस.

मग एका पळसाच्या पलीकडून ते आले. भसाड्या आवाजातले, संतापलेले, दम घेऊन पुन्हा सुरू होणारे रडणे. मी धुऱ्यावर उभा राहिलो आणि चालायला लागल्यापासून पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मला बघून गाणे थांबले. धोतराचा काचा वर खोचलेला, हातात जोडे, ढोपरापर्यंत चिखल, असा मास्तर त्यांनी पाहिला नसावा. एक म्हातारी ओरडून म्हणाली की शाळेत पोट्टे उरले नाहीत, म्हणून गुरुजी रोवणीला आले, याला एक पेंढी द्या वं. सगळ्या हसल्या. मी सरळ टोपल्यापाशी गेलो. वर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे झाकण होते. ते उचलून मुलाच्या पोटावर हात ठेवला. पोट भात्यासारखे वरखाली होत होते. ओठांच्या कडेला दोन मुंग्या होत्या, त्या बोटाने काढल्या.

त्याची माय चिखलातून वर आली. रुंद खांद्यांची, दमलेली बाई. हात धुऊन तिने पोराला पाजायला घेतले आणि पाजता पाजता माझ्यावरच सुरू झाली. शाळेत जाऊन पोरीचे डोके फिरले आहे, घरात कोणाचे ऐकत नाही, आणि इकडे या पोट्ट्याला अफूसुद्धा लागत नाही. पोरगी रोज गोळ्या करून पुडीत बांधून देते, ती रोज देते, दोन-दोन देते, पण भिंतीला दिल्यासारखे. पोरगी ओळीच्या टोकाला होती, मायचे काम उरकण्यासाठी तिलाही रोवणीला घातले होते. ती वाकलेलीच राहिली. हातातले पऱ्हे एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दाबत होती.

मी मायला सांगितले. याला तूर देऊ नका, मूगही नको, सवय तुटलेल्या मुलाला जुनी मात्रा विष होते, डॉक्टरांनी सांगितले आहे.

"कायची सवय तुटली?" ती म्हणाली. "कालच दोन मूग देल्ले म्या. काही झालं? मूग पचवते त्याले तूर काय करन?"

तिचे चुकत नव्हते. तिने दोन मूग दिले होते आणि मुलाला काही झाले नव्हते. तिच्या हिशेबात त्याला तूरच हवी होती. डॉक्टरांचे नाव घेऊन मी तिला कितीही पटवले असते तरी तिने डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरणार नव्हते. आणि तेवढ्यात मला मुंग्या समजल्या. मी पोरीकडे पाहिले. तिने मान वर केली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी बोलू नये असे तिच्या डोळ्यांत होते की मीच बोलावे असे होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

मुलाचे पिऊन झाले. मायने पदराची गाठ दाताने सोडली. तूर काळी, चकचकीत, तिच्या तळहातावर होती. मी एक पाऊल पुढे टाकले. ती गोळी झडप घालून घ्यायची असे मी ठरवले होते, मग काय व्हायचे ते होवो. पण आज घेतली तर उद्या ती डबीतून दुसरी करील आणि तेव्हा मी शाळेत असेन.

"माय," पोरगी चिखलातून म्हणाली, "थो गूळ होता."

"काय?"

"पुडीत. गूळ होता. चुलीवर करपवून काळा केला म्या. अफू त्याले किती दिवस झाले नाही देल्ली. तूर देशीन तं मरन थो."

सगळी ओळ सरळ झाली. मायचा हात तसाच पसरलेला होता. तिने मूठ मिटली, पोराला माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिले, चिखलात उतरली, पोरीपाशी गेली आणि तिच्या पाठीत एक सणसणीत रट्टा घातला. ओल्या लुगड्यावर पाचही बोटे चिखलात उमटली. पोरगी हलली नाही.

"म्हून मुंग्या लागत होत्या," माय म्हणाली.

आधी म्हातारी हसली, मग एक-एक करून सगळ्या. पोटभर गूळ खाऊन कोणतं लेकरू निजन वं, तो तर नाचन, असे कोणीतरी म्हणाले. मायला हसू आले की नाही ते मला दिसले नाही, तिची पाठ माझ्याकडे होती. मूठ उघडून तिने तूर पाण्यात टाकली नाही. पुन्हा पदरात बांधली. बुढीच्या गुडघ्याले लागते, म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"पोट्टीले मारलं, आता तुमाले काय करू? शिकवून तं देल्लं तुमी. याले धरन कोन? मी धरू का धान रोवू?"

हा प्रश्न पुस्तिकेत नव्हता. माझ्या खिशात यादी होती. दुपारी पाचवीचा भूगोल होता, फीचे पैसे भरायचे होते, विहिरीच्या दोरासाठी मालगुजाराकडे जायचे होते.

"आज मी धरतो," मी म्हटले.

"धरा मंग," ती म्हणाली आणि वाकली.

ती पोरगी पोळा झाल्यावर शाळेत आली. सोबत भाऊ होता. तो व्हरांड्यात दोरीच्या झोळीत असे आणि तिन्ही मुली पाळीने बाहेर जात. हेडमास्तरांनी दोन दिवस नाक मुरडले, नंतर तेच येता-जाता झोका देऊ लागले. फायनलला ती बसली आणि पास झाली. मी अर्धी पैज जिंकलो, तिच्या पुढच्या शिकण्याचे मात्र माझ्या मनासारखे झाले नाही, तिचे लग्न झाले. पुढच्या वर्षीपासून अफूला मी पुरे दोन तास ठेवले, त्यातला एक सोडायचे कसे याचा, आणि त्या तासाला रोवणीच्या आधी मुलांच्या आयाही येऊन दाराशी बसत. सगळ्या नाही.

पण मला राहून राहून आठवते ती त्या दिवसाची दुपार. बसलो की मूल रडे. चाललो की गप्प होई. एवढे माझ्या जोगे मूल मी पाहिले नाही. छत्री एका हातात, ते खांद्यावर, आणि मी धुऱ्यावरून पळसापर्यंत जाऊन परत येत होतो. बायांनी गाणे पुन्हा धरले होते आणि त्यात आता एक मास्तर आला होता. दोनचार फेऱ्या झाल्यावर ते झोपले, आपल्या आपण, घामेजून, तोंड उघडे टाकून. ते झोपले तेव्हा मला इतर लेकरांची टोपली दिसली.

ती सकाळपासून तिथेच होती. त्या धुऱ्यावर, पलीकडच्या धुऱ्यावर, पाटाकडच्या कडेला, पानांच्या झाकणांखाली. एकातूनही आवाज येत नव्हता. मी घाईत येताना त्यांच्या जवळून गेलो होतो, त्यातल्या एकाला माझा पायही लागला असावा, आणि आतले कोणी रडले नव्हते.

मी सगळ्यात जवळच्या टोपल्यापाशी गेलो, झाकण उचलले आणि पोटावर हात ठेवला. बराच वेळ काही कळले नाही. मग पोट हळूच वर आले. मी ते खाली जाईपर्यंत थांबलो आणि पुन्हा वर येईपर्यंत थांबलो. बायांचे गाणे थांबले होते. त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी खांद्यावरचे मूल सावरले आणि पुढच्या टोपल्याकडे निघालो.